आत्या सुटली

तीर्थस्वरूप आत्याबाईंना,

तुमच्या भाचेसुनेचा नमस्कार. वाकून केलाय असं समजा (खरंच वाकलेली आहे, दुकानातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि तो मी गुडघ्याने सावरून लिहितेय). ‘तीर्थस्वरूप’ मुद्दाम ठळक अक्षरात लिहिलंय. मागच्या आठवड्यात काही लोकांनी तुमच्या नावाआधी भलतंच काही लावलं, तो विषय पुढे निघेलच. आधी खुशाली. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? झोप लागते ना? हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही हं, मला उत्तर हवंय, शक्यतो तुमच्या अक्षरात आणि खाली तारीख घालून, कारण ते चार जणांना दाखवावं लागणार आहे. आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे मी ठीक. तुमचा भाचा जेवतो, कामाला जातो, घरी येतो. त्याला ठीक म्हणायचं की नाही ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. आधी मला वाटलं चार्जिंग संपलं असेल. मग वाटलं फोन बिघडला असेल. शेवटी तुमच्या शेजारीणबाईंना विचारलं, तेव्हा कळलं की फोन वाजला की तुम्ही तो हातात घेता, चष्मा लावून आमचं नाव नीट वाचता आणि उशीखाली सरकवता. हेही आम्ही पचवलं. पण त्यांनी बोलता बोलता आणखी एक सांगितलं, ते ऐकून ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. तुमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय आणि त्यासाठी तुम्ही त्या अ‍ॅपवाल्या कंपनीचा माणूस बोलावलाय, परवा येणार आहे म्हणे! आत्याबाई, रागवा, बोलू नका, भेटलात तर कान धरा, माझे धरा हवं तर. पण ज्याला तुम्ही लहानाचा मोठा केलात त्याचा नळदुरुस्तीचा धंदा, आणि तुमच्या नळाला परक्याचा पाना? त्या दिवसापासून हे गप्प आहेत. तशी त्यांना बोलायची फार हौस नाहीच, पण आता कामावरही बोलत नाहीत, आणि ती गोष्ट किती गंभीर आहे हे कळायला तुम्हाला पहिल्यापासून ऐकावं लागेल.

हे अ‍ॅपवाले आल्यापासून आमचा फोन वाजेनासा झाला होता. लोक अंगठ्याने प्लंबर मागवायला लागले. माझा भाऊ म्हणाला, दुकानाचे छोटे छोटे व्हिडिओ काढ, फोनवर टाक, आजकाल नळसुद्धा दिसायला हवा. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, हातात पाना दिला आणि दुकानासमोर उभं केलं. आत्याबाई, आमच्या लग्नातल्या फोटोत ते जसे उभे आहेत ना, अगदी तसे, पाना हातात धरून, श्वास रोखून. मी खुणा करतेय, बोला बोला, आणि हे माझ्याकडे असे बघतायत की जणू मीच गळतेय. मग मी मजकूर लिहून दिला. तो त्यांनी एका दमात वाचला, ‘नमस्कार स्वल्पविराम आम्ही आपल्या घरी येऊन’ असा. (तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत, घरच्या पोराला विरामचिन्हं एवढी पक्की शिकवलीत की ती अजून तोंडातून जात नाहीत.) तो व्हिडिओ माझ्या भावाने, मी आणि बहुतेक चुकून कुणीतरी एकाने पाहिला. तेव्हा मला कळून चुकलं की माझा नवरा नट सोडवणारा आहे, स्वतः नट होणं त्याच्या नशिबात नाही.

पण तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल, हा माणूस कामाला लागला की भरपूर बोलतो, फक्त माणसांशी नाही. नळांशी बोलतो. नवा नळ असला की त्याला ‘बाळ’ म्हणतो. नुसतीच फुरफुर करणारा, काम न करणारा असला की ‘साहेब’. मला हे माहीत असण्याचं कारण, अधूनमधून मी बॅटरी धरायला जाते. तर एकदा एका गिऱ्हाइकाकडे सिंकखालचा जुना नट अडकला होता. हे ओट्याखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरलेले, बाहेर फक्त दोन पाय, आणि आतून आवाज येतोय, “चल गं आत्या, सुट आता. सगळं गंजून गेलं आजूबाजूचं, किती धरून बसशील? सुट गं माझे आई!” माझ्या एका हातात बॅटरी होती, दुसरा रिकामा होता. रिकाम्या हाताने मी फोन काढला. (ह्यात ह्यांचा काडीचाही दोष नाही, हे इथेच नोंदवून ठेवते.) थोड्या वेळाने आतून कर्र असा आवाज, आणि मग अशी आरोळी की गिऱ्हाइकाच्या घरचे सगळे धावत आले, “सुटली! आत्या सुटली!” एवढा आनंद त्यांना मी लग्नाला होकार दिला तेव्हाही झाला नव्हता.

तो व्हिडिओ मी टाकला. वर एक ओळ लिहावी लागते, ती लिहिली, ‘खूप दिवसांचा त्रास संपला. अखेर आत्या सुटली.’ आणि खाली दुकानाचा नंबर. आता तुम्ही म्हणाल, कशातून सुटली, वाक्य पूर्ण करायला काय झालं होतं? बरोबर आहे. त्या एका शब्दाने घात केला. नट सुटतो, ट्रेन सुटते, पदर सुटतो, कैदी सुटतो, हे सगळं मला ठाऊक होतं. खूप दिवस त्रास होऊन माणूसही ‘सुटतं’, हे मला त्या घटकेला आठवलं नाही. त्यात व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी जे चित्र दिसतं, त्यात जमिनीवर सरळ पसरलेले, अजिबात न हलणारे दोन पाय. पाय आमच्या ह्यांचे, पण पायमोजे तुम्ही विणलेले, ते जांभळ्या पट्ट्यांचे, जे तुम्ही स्वतःसाठीही विणलेत आणि सगळ्या घराण्याला ओळखू येतात.

तरीही एखाद्याने आवाज लावून व्हिडिओ पाहिला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण तो पहिल्यांदा दिसला आमच्या चुलतदिरांना, ज्यांना आपण बातमीदार म्हणतो. ते होते बँकेच्या रांगेत, आवाज बंद. त्यांनी पाय पाहिले, मोजे ओळखले, ओळ वाचली आणि ‘फार वाईट झालं’ असं लिहून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवून दिलं. मग काय विचारता! एकाने हात जोडले की दुसरा जोडतो, उघडून कोण बघतंय? कुणी लिहिलं आधार गेला, कुणी लिहिलं एक पर्व संपलं. खाली आमच्या दुकानाचा नंबर होताच, त्यावर फोन आला की कसं झालं, कधी झालं. ह्यांना वाटलं गिऱ्हाईक आहे. ते म्हणाले, बराच वेळ लागला, पण शेवटी मी पाय लावून जोर केला तेव्हा सुटली. पलीकडून फोन खाली पडल्याचा आवाज आला.

पुढचं सगळं शेजारीणबाईंकडून कळलं, चूक असेल तर दुरुस्त करा. तुमचे निवृत्त हेडमास्तर फुलं घेऊन आले आणि बेल वाजवल्यावर दार तुम्हीच उघडलंत. त्या बिचाऱ्यांनी दोन पानी भाषण लिहून आणलं होतं, दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी ते तुमच्यासमोरच वाचून दाखवलं. तुम्ही खुर्चीत बसून शेवटपर्यंत ऐकलंत, मग कागद मागून घेतलात आणि म्हणालात की ‘अजातशत्रू’ काढा, मला शत्रू होते आणि मी ते नीट जपलेत, आणि ‘पोकळी’तली ‘ळी’ दीर्घ करा. मग चहा दिलात. आत्याबाई, हे ऐकून मी पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं तुम्हीही हसत असाल. ह्यांनी लगेच तुम्हाला फोन लावला आणि तो तुम्ही उचलला नाहीत.

तेव्हापासून आमचा धंदा मात्र जोरात आहे, हे सांगायला मलाच कसंतरी होतं. खरी गोष्ट कळल्यावर लोकांनी तो व्हिडिओ इतका पाहिला की अनोळखी माणसं फोन करून म्हणतात, आमच्या बाथरूममध्ये एक आत्या अडकलीय, येता का? मी येतो म्हणते आणि ह्यांना पाठवते. पण हे जातात, कपाटात शिरतात, आणि आतून हूं की चूं नाही. परवा मी बॅटरी धरून इतका वेळ उभी होते, फोनही तयार होता, नुसता पान्याचा आवाज. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय, मी गिऱ्हाइकाकडे. शेवटी नट सुटला, ह्यांनी तो फडक्याने पुसून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला आणि हात धुतले. मला रडू आलं, खरंच सांगते.

घरी येताना मी विचारलं, सगळ्याच अडकलेल्या नटांना आत्या का म्हणत नाही? पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, जो नुसता अडकतो त्याला नाही म्हणत. पाइप गंजतो, वॉशर झिजतो, भिंतसुद्धा ओल धरून पोकळ होते, आणि एक नट तेवढा सगळं धरून असतो, तो नसता तर घरात केव्हाच पाणी झालं असतं, ती आत्या. त्यांची आई गेल्यावर सगळे पाहुणे हॉलमध्ये बसून ह्याला कुणाकडे ठेवायचं ते ठरवत होते आणि तुम्ही ह्यांचा हात धरून दारात उभ्या होतात, चर्चा संपली तरी सोडला नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा ऐकलं. तुम्हाला गंजलेला नट म्हणाले म्हणून तुम्ही रागावलात ना? तर नट म्हणजे काय, तेवढं समजून घ्या आणि मग खुशाल रागवा.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जपा.

तुमची,
भाचेसून

ता. क. पत्र ह्यांना वाचायला दिलं. वाचून म्हणाले, एवढं काही मी बोललो नव्हतो, हिने पदरचं घातलंय, आणि आत्या हट्टी आहे म्हणूनच मी आत्या म्हणतो. तेव्हा वरच्या परिच्छेदातलं हवं तेवढं घ्या. दारात हात धरल्याचं मात्र त्यांचंच आहे, मला ते कुठून सुचणार?

ता. क. २. शेजारीणबाईंचं म्हणणं आहे की तुमचा खरा राग नटावर नाहीच. तुम्ही गेल्याच्या बातमीवर तुमच्या धाकट्या वहिनींनी नुसता अंगठा पाठवला, दोन शब्दही लिहिले नाहीत, त्याचा आहे. हे खरं असेल तर त्याची शिक्षा माझ्या नवऱ्याला कशाला? अंगठ्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे.

ता. क. ३. मूळ विनंती लिहायची राहिलीच. लोक विचारतायत, खऱ्या आत्या कशा आहेत. एक छोटासा व्हिडिओ करून दिलात तर बरं होईल. खुर्चीत बसून एवढंच म्हणायचं, ‘मी सुटलेली नाही.’ जांभळे मोजे घाला.

ता. क. ४. तिकीट नव्हतं म्हणून पाकीट दुकानातच राहिलं होतं, ते बरंच झालं. आत्ता शेजारीणबाईंचा फोन आला. अ‍ॅपवाला माणूस येऊन गेला म्हणे. गणवेश घातलेला, पेटी चकचकीत, पण तुमच्या ओट्याखालचा नट काही त्याला सुटेना. तो नळासकट सगळं कापून काढतो म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला हाताला धरून बाहेर काढलंत आणि म्हणालात, “राहू दे बाबा. ती आत्या आहे. तिला सोडवायला आमचा माणूस लागतो.” मी हे ह्यांना शब्दन्‌शब्द सांगितलं. ह्यांनी मोठा पाना पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि निघाले. दोनदा हाक मारली तेव्हा कुठे मागे वळले, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देता येतंय. तेव्हा वरच्या सगळ्या विनंत्या रद्द. फक्त हे कपाटात शिरले की तुमचा फोन उशीखालून काढा, उभा धरा, लाल टिंब दाबा आणि मध्ये बोलू नका. (बोललात तर फारच उत्तम.)