नव्या लेथचा हार

चिंचवड, खंडेनवमी, १९७८

तो हार डोक्यातून जात नाही. आज शॉपमध्ये सगळ्यांनी मशीनं पुसली, कुंकू लावलं, ज्याने त्याने आपल्या मशीनला हार घातला. नवा ऑटोमॅटिक लेथ तेवढा तसाच राहिला. माझ्या सेक्शनमधला सगळ्यांत जुना कामगार सखाराम. त्याला म्हटलं, यालाही घाल.

"न्हाई साहेब. ज्याचं मशीन त्यानं हार घालायचा. ह्याच्यावर कोण, ते तुमी सांगा."

काय सांगणार? त्यावर बाहेरून शिकलेली पोरं येणार, आमची माणसं दुसऱ्या खात्यांत पांगणार. मॅनेजरांनी बजावलंय, दसरा होईपर्यंत बोलू नका, सण नासेल. माझ्याच माणसांपुढे तोंड दाबून उभं राहायचं, याला सेक्शन सांभाळणं म्हणायचं?

सगळे माझ्याकडे बघत होते. घाईघाईत मीच हार उचलला आणि घातला. का घातला? निदान तो हार ताटात तसाच राहू द्यायला हवा होता.

सखाराम हाराकडे बघत म्हणाला, "म्हंजे आमच्यापैकी कुणाचंच न्हाई."

मग त्याने नारळ माझ्या हातात दिला.

"फोडा आता. तुमचंच मशीन हाय."