बाबांच्या टेम्पोचं पासिंग

बाबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी अजून तेच काम करते, गाड्या तपासायचं. काल मालेगावच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर थांबवला. मागच्या ट्रॉलीची नोंदणीच नव्हती, मागे दिवा नाही, आणि वर सोयाबीन सोंगायला निघालेल्या दहा-बारा बाया. बायांना उतरवून मी ट्रॉली जमा केली. मालक भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरची असती तं अशीच अडवली असती काय?" मी म्हटलं, "अडवली होती." आणि त्याला तुमच्या टेम्पोची हकीकत सांगितली. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

मंगरूळपीरचा तो कॅम्प. महिन्यातून एकदा मैदानात टेबल टाकून आम्ही गाड्यांचं पासिंग करायचो. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, आणि त्या दिवशी मी एकटीच होते. मान वर केली तर रांगेत आपला टेम्पो, शेजारी धुतलेला सदरा घालून तुम्ही. घरी एका शब्दानं बोलला नव्हता. आपल्या मळ्यातली मेथी, हिरव्यागार सांबाराच्या जुड्या, वांगी त्याच टेम्पोतून बाजारात हर्राशीच्या बोलीला जायची. माझं शिक्षणही त्याच्याच चाकांवर झालं. मी तुम्हाला बाजूला घेतलं. म्हटलं, घरच्या माणसाची गाडी मी तपासणं बरं दिसत नाही, पुढच्या कॅम्पला दुसरे साहेब येतील, तेव्हा आणा. तुम्ही म्हणालात, "पासिंग उद्या संपते, माय. महिनाभर माल काय डोक्यावर नेऊ? तू लोकायच्या गाड्या पाह्यतं, मंग माही काहून नाई?"

मी स्टिअरिंगवर बसते, तुम्ही शेजारी. मैदानाच्या कडेनं वेग घेऊन ब्रेक दाबते, तर टेम्पो डावीकडे ओढला जातो. पुन्हा दाबते, पुन्हा डावीकडे. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही. तुम्ही समोर पाहत बसलेले. खाली उतरून मी गाडीखाली वाकून बघते, टेबलाशी येते, पेन उचलते आणि तशीच थांबते. रांगेतला एक ट्रकवाला हसत म्हणतो, "बापाची गाडी कोण नापास करते?" तेव्हा तुम्ही पुढे आलात. "काय काय खराब हाये ते मोठ्यानं सांग, बाई. साऱ्यायले आयकू दे." मी सांगितलं. "आता लिहून दे," तुम्ही म्हणालात. कागदाची घडी करून खिशात ठेवलीत, आणि चावी असूनही टेम्पो चालवला नाहीत. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून, दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढत नेलात.

संध्याकाळी आईनं माझ्यापुढे ताट ठेवलं. मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "बापाची गाडी अडवाले शिकवलं होतं का तुले?" तुम्ही भाकरी मोडत होता. "तिनं कुठं अडवली? ब्रेकनं अडवली. त्या रस्त्यानं शाळेचे लेकरं सायकलीवर जातेत." तेवढंच बोललात आणि पुन्हा जेवायला लागलात.

पुढच्या कॅम्पला टेम्पो पास होईपर्यंत तुम्ही एसटीनं माल नेला. एकदा ऑफिसच्या गाडीतून जाताना मी तुम्हाला स्टँडवर पाहिलं. साठीचा माणूस, डोक्यावर सांबाराचं ओलं गाठोडं, मानेवरून पाणी ओघळतंय. कंडक्टरशी काहीतरी हुज्जत चालली होती. मी मान फिरवायच्या आत तुम्ही मला पाहिलंत आणि रोजची भेट असावी तसा हात वर केलात.

नवव्या दिवशी टेम्पो दुरुस्त होऊन आला. मला वाटलं, आता तरी मनातलं बोलाल. बोललात, पण ते भलतंच. "मिस्त्रीनं मले दाखवलं. मांगच्या स्प्रिंगचा पाटा तुटेल होता. तुले दिसला नाई."

"वाकून पाहिलं होतं, बाबा."

"वाकून काय दिसते? गाडीखाली मातीत झोपून पाहा लागते."

इतक्या दिवसांत तुम्ही मला केलेली ती एकच तक्रार. पास केलं नाही म्हणून रागावला नाहीत, नीट नापास केलं नाही म्हणून बोललात. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून दाभण-सुतळीनं दोन पोती जोडलीत आणि माझ्या हातात दिलीत. गाडीखाली अंथरायला. लोक हसतील, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हासू दे. कपडे तं खराब नाई होनार."

हसले लोक. मग हसायचे थांबले. पुढे पुढे तर गाडी कॅम्पला आणण्याआधी ड्रायव्हर स्वतःच खाली शिरून पाहू लागले, कारण मॅडम झोपून बघतात. आता फोटो काढून ऑनलाइन चढवावे लागतात, ब्रेक तपासणारी यंत्रंही आली आहेत. तरी नवीन लागलेल्या पोरापोरींना मी आधी जमिनीवर आडवं व्हायला लावते. मला कडक म्हणतात. बदलीच्या वेळी भाषणातही तेच सांगतात, आणि मी हार घालून गुपचूप ऐकून घेते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. त्या दिवशी पेन हातात घेऊन थांबले, तेव्हा माझं ठरलेलं होतं, बाबा. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही नुसती होकाराची मान डोलावली असती तरी मी पास लिहून सही केली असती.