भट्टी बंद पडल्याबाबत खुलासा

विनिपेग,
तीन राजांच्या सणानंतरचा शनिवार

प्रिय ब्लांचबाय,

तुला आठवतं का, एका नाताळात बाळ येशूच्या गोठ्यासाठी बर्फ हवा म्हणून आपण दोघींनी माझ्या आईच्या उशीची शिवण उसवली होती? सावरीचा कापूस होता तो, सारखा नाकात जायचा. शिंकत शिंकत आपण तो गोठ्याच्या छपरावर, मेंढरांच्या पाठीवर आणि भेटीला आलेल्या तीन राजांपैकी एकाच्या मुकुटावर पसरला. मी तुला विचारलं, खरा बर्फ कसा असतो गं. तू माझ्यापुढे दोन इयत्ता होतीस आणि तुला सगळंच माहीत असायचं. तू म्हणालीस, "गरम असणार. कापूसच ना तो." मग आई आली. पुढचं तुला ठाऊक आहे. एवढंच आठवलं म्हणून लिहिलं.

तर, तुला आणि घरच्या सर्वांना पर्सीचा आणि माझा प्रेमाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शेवग्याला यंदा शेंगा लागल्या का? नातवंडं मराठीत भांडतात की इंग्रजीत? (शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस सांगायच्या, पत्रात आधी दुसऱ्याची विचारपूस करावी आणि मग आपलं रडगाणं गावं. विचारपूस झाली आहे.)

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहून शेरिलच्या हाती पाठवते आहे. ती आमच्या चर्चमधली, आईला भेटायला वसईला येते आहे. फोनवरच्या चार शब्दांनी काय अनर्थ होतो ते आता आपण सगळ्यांनीच पाहिलं. घराण्याच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, "आमची भट्टी बंद पडली. पर्सीची अवस्था बघवत नाही. प्रार्थना करा." मला म्हणायचं होतं फर्नेस. इथल्या प्रत्येक घराच्या तळघरात तो असतो, आपल्या न्हाणीतल्या बंबाचा शिकलेला भाऊ म्हण. गॅसवर हवा तापवतो आणि भिंतींतून घरभर खेळवतो. आता फर्नेसला मराठी शब्द भट्टी, हे सिस्टर ॲग्नेसनीच शिकवलं (धगधगत्या भट्टीत टाकलेल्या शद्राख, मेशाख आणि अबेदनगो यांच्या धड्यात), आणि मराठीत इंग्रजी घुसडू नये हेही त्यांनीच. पण आपल्याकडे भट्टी म्हटलं की बायबल कुणालाच आठवत नाही, हे मी विसरले. तू पर्सीच्या लिव्हरसाठी नऊ दिवसांची नोव्हेना सुरू केलीस, त्याबद्दल आभार. त्याच्या थोरल्या भावाने, डॉमनिकदादांनी, सगळ्यांना सांगितलं की मला पहिल्यापासून संशय होता, नुसत्या कारकुनीवर कॅनडात कुणी घर बांधतं का. पर्सीला खोकल्याच्या औषधाने गुंगी येते, ब्लांचबाय. तो कसली भट्टी लावणार?

थंडीबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकमेकांना भेटतात. बाकी कुणी कुणाला भेटत नाही. नाकातले केस कडक होतात आणि गाडी घसा बसलेल्या माणसासारखी बोलते. अशा हवेत आमचा फर्नेस एका सकाळी दोनदा खाकरला आणि गप्प झाला. पर्सीने खाली जाऊन झाकण उघडलं. आत एक लाल दिवा लुकलुकत होता. तो त्याने बराच वेळ पाहिला, मग वर येऊन सांगितलं की दिवा लुकलुकतो आहे. मी खाली जाऊन पाहिलं. खरंच लुकलुकत होता. दुरुस्तीवाल्यांना फोन केला तर त्यांच्याकडे अर्धं विनिपेग रांगेत, लवकरात लवकर येतो म्हणाले. तोवर आम्ही एक विजेचा हीटर घेऊन स्वयंपाकघरात मुक्काम हलवला आणि पाइप गोठू नयेत म्हणून नळांची धार बारीक चालू ठेवली. मी फर्नेसवर आशीर्वादित पाणी शिंपडायला गेले, तर खिडकीतल्या बाटलीत त्याचा खडा झालेला. (खोबरेल तेलाचं विचारू नकोस. ते ऑक्टोबरपासूनच आमच्याशी बोलत नाही.)

आता यात एवढं काय, असं तू म्हणशील. लोकांचे फर्नेस बिघडतात, दुरुस्त होतात. पण ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आमचा ॲलरॉय टोरोंटोहून आला होता, आणि बापाला शिडीवर चढून पागोळ्यांची पन्हळ साफ करताना पाहून त्याने आमच्याकडून शब्द घेतला. या हिवाळ्यात घरातली एक जरी मोठी गोष्ट बिघडली, तरी घर विकून त्याच्या बेसमेंटमध्ये राहायला यायचं. पर्सीने मान डोलावली, कारण छप्पर नवं होतं, फर्नेसही फारसा जुना नव्हता आणि पोरगा उलट्या पावली जाणार होता. ब्लांचबाय, हे घर म्हणजे मोठं काही नाही. पण याच दारातून ॲलरॉय पहिल्यांदा शाळेत गेला आणि याच दारातून कॉलेजला गेला तो गेला. अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाशी मी निदान बोलू तरी शकते. बेसमेंटमध्ये मी कुणाशी बोलू, वॉशिंग मशीनशी? तेव्हा फर्नेस बिघडल्याचं ॲलरॉयला कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

आणि नेमका त्याच संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही अंगावरचे जाडजूड पार्का कोट काढून ठेवले, स्वेटरवर स्वेटर घातले आणि हसत बसलो. सगळं नीट चाललं होतं, एवढ्यात पर्सीने सुनेची चौकशी केली आणि तोंडातून ही एवढी वाफ.

"मॉम, इज डॅड स्मोकिंग?"

मी हो म्हटलं. काय करणार? अलीकडेच लागली आहे, म्हटलं, मीही समजावते आहे. पर्सीने जन्मात विडी धरली नाही, पण त्याने लगेच दोन बोटं ओठांशी नेली. (आपल्या हायस्कूलच्या नाटकात याला कुणी काम दिलं असतं तर.) ॲलरॉयने त्याला फुप्फुसांवर लांबलचक इंग्रजी प्रवचन दिलं आणि पर्सी खाली मान घालून, अधूनमधून धूर सोडत ऐकत राहिला. मला मात्र श्वास रोखूनच बसावं लागलं. सगळ्या प्रश्नांना मान हलवून उत्तरं दिली. शेवटी ॲलरॉय म्हणाला, मॉम फार दुःखी दिसते आहे.

शेवटी दुरुस्तीवाला आला. पोक्त, गलेलठ्ठ गृहस्थ, दाढीला बर्फ लागलेला. तळघरात न जाता तो आधी घराला वळसा घालून बाजूच्या भिंतीशी गेला. तिथे फर्नेसचे दोन पाइप बाहेर येतात, घराच्या नाकपुड्याच म्हण. एकीने श्वास घ्यायचा, दुसरीने सोडायचा. आणि त्या दोन नाकपुड्यांखालीच पर्सीने यंदाचा गोठा मांडला होता. तिथेच का, असं मी डिसेंबरातच विचारलं होतं. तो म्हणाला, या पाइपातून उबदार हवा येते, बाळ येशूला गारठा नको. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस अजून असं काही बोलतो आणि माझा वाद संपतो.

तर दुरुस्तीवाल्याने श्वास घेणाऱ्या नाकपुडीत चिमटा घातला आणि ओढत राहिला. कापूस निघाला, आणखी कापूस निघाला. उंदराने घरटं केलंय, तो म्हणाला. इन्सुलेशन चोरून आणतात. मी आणि पर्सी, आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. कारण तो कापूस औषधाच्या दुकानातला होता आणि पर्सीने तो गोठ्यावर बर्फ म्हणून पसरला होता. होय, विनिपेगमध्ये. ज्या अंगणात गुडघ्याएवढा बर्फ फावड्याने उपसून आमची कंबर मोडते, त्याच अंगणात आम्ही दर नाताळाला बर्फ म्हणून कापूस पसरतो. खरा बर्फ गोठ्यात शोभत नाही गं. तो फार पांढरा असतो. आम्ही उंदराला शिव्या घातल्या. मग चिमट्यात, कापसाला डिंकाने चिकटलेलं, एक प्लॅस्टिकचं मेंढरू आलं. त्या गृहस्थाने ते तळहातावर घेतलं, खाली गोठ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मॅम," तो म्हणाला, "युअर माउस इज कॅथलिक."

मग घरात येऊन त्याने एक बटण दाबलं आणि फर्नेस सुरू झाला. मेंढरू त्याने पर्सीच्या हातात दिलं आणि गोठा पुढच्या वर्षी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मांडा म्हणून गेला. असा हा आमच्या भट्टीचा इतिहास. गावात सगळ्यांना, विशेषतः डॉमनिकदादांना, तो नीट समजावून सांग. घर पुन्हा उबदार आहे, ॲलरॉयला काही कळलेलं नाही आणि आम्ही इथेच राहणार आहोत. नोव्हेना अर्धवट सोडू नकोस. हेतू तेवढा बदल.

तुझी,
हिल्डा

ता. क. – वर लिहिलेलं कुणाला सांगू नकोस. आता ध्यानात आलं की ॲलरॉयही त्या ग्रुपवर आहे. त्याला मराठी अडखळत वाचता येतं, पण सगळे शब्द कळत नाहीत, तेव्हा 'भट्टी' म्हणजे काय ते तो नक्की तुलाच फोन करून विचारेल. त्याला सांग की तू समजलीस तीच भट्टी. बाप चोरून दारू गाळत होता आणि आता सुधारला. त्याने त्याला दुःख होईल, पण घर वाचेल. पर्सीची याला संमती आहे. डॉमनिकदादांना काही समजावायची गरज उरली नाही, हाही फायदाच.

ता. क. दुसरा – वरचा ताजा कलम रद्द. शेरिलचं निघणं पुढे गेलं म्हणून पत्र घरातच राहिलं होतं. काल मीच ॲलरॉयला फोन करून सगळं सांगितलं.

एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. फर्नेस बंद असताना एका सकाळी मी पर्सीला चहाला हाक मारली. तो स्वयंपाकघरातल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पुन्हा हाक मारली, तरी हलला नाही. त्याने लोकरी टोपी कानांवर ओढली होती, ऐकू आलं नाही, इतकंच. तिसऱ्या हाकेला उठला आणि साखर जास्त घाल म्हणाला. पण मधल्या वेळात मी कप घेऊन उभी होते, आणि फोन कुणाला करावा ते मला सुचत नव्हतं. सफरचंदाच्या झाडाला करता येत नाही. तेव्हा ईस्टरनंतर आम्ही ॲलरॉयकडे जातो आहोत. पर्सी म्हणाला, तू म्हणशील तसं. फार पटकन म्हणाला. माझ्या बाबतीत त्यालाही असंच काही सुचलं नसेल कधी.

बेसमेंटमध्ये गोठा मांडायला जागा नाही, म्हणून तो शेरिलबरोबर पाठवते आहे. वाटणी अशी कर. तीन राजे तुझ्या तिन्ही नातवंडांना, एकेक. मुकुट मोडलेला राजा सर्वात धाकटीला दे, थोरले तो घेणार नाहीत. मेंढपाळ आणि मेंढरं चर्चच्या गोठ्यात. कळपात एक कमी भरेल, ते पर्सीच्या पार्काच्या खिशात आहे आणि तो देत नाही. गाढव डॉमनिकदादांना, आणि त्यात काही अर्थ शोधू नये असं सांग. मारिया आणि योसेफ तुझ्याकडे राहू देत. बाळ येशू आमच्याबरोबर येतो आहे. ॲलरॉयने दिलेली खोली फर्नेसच्या शेजारीच आहे.

पिशवीच्या तळाशी कापूस आहे, पाइपातून निघालेला. धुऊन वाळवला आहे. तो तुला. तुझंच म्हणणं होतं, बर्फ गरम असतो.