सालीचं हरवलेलं कार्ड

तीर्थस्वरूप मामांस, साष्टांग नमस्कार (कंबरेत उसण भरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). मामींचा गुडघा आणि तुमचा राग, दोन्ही उताराला लागले असतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे अजून नोकरीवर आहे.

तुम्ही शब्दकोशाच्या कार्यालयातून निवृत्त झालात आणि जाता जाता मला तिथेच चिकटवलंत. तिथे आठ महिने आमचं घोडं ‘साल’ या एका शब्दावर अडलंय. फारसीवाल्यांचं साल म्हणजे वर्ष. संस्कृतवाल्या आजोबांचा साल हा वृक्ष. पोर्तुगीजवाल्या बाईंच्या भाषेत साल म्हणजे मीठ (हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मला डब्यातली भाजी खारट लागते). आणि आपली घरची, फळाची साल माझ्या वाट्याला आली. एका शब्दाची चार घराणी, चार कार्डं, प्रत्येकावर जाणकाराची सही. चारही जमल्याशिवाय शब्द छापखान्यात जात नाही, आणि हा शब्द गेल्याशिवाय मला कायम करत नाहीत (आणि मी कायम झाल्याशिवाय मुलीचे वडील लग्नाची तारीख काढत नाहीत).

गेल्या महिन्यात नेमकं माझं कार्ड नाहीसं झालं.

मी ड्रॉवर उपसले, कपाटांखाली झाडू घातला (उसण तिथली). फारसीवाले म्हणाले, तीन आहेत ना, तेवढी छापा. म्हणजे जगाला वाटणार की आपण पिढ्यानपिढ्या केळं सालीसकट गिळतोय! मी बाईंवर उघड संशय घेतला. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि खरं सांगतो मामा, मला त्याचं फार वाईट वाटलं. नवं कार्ड लिहायला दहा मिनिटं लागतात, पण मी कायम नसल्यामुळे त्यावर जाणकार म्हणून आजोबांची सही हवी आणि आजोबा वाचल्याशिवाय सही करत नाहीत. मागच्या वेळी वाचायला त्यांना पाच महिने लागले होते.

परवा कार्ड सापडलं. माझ्याच घरी, आरशाच्या चौकटीत खोचलेलं. काखेत कळसा! त्याचं असं झालं की, तुम्ही मला भेटायला कार्यालयात आलात तेव्हा मी चहाला गेलो होतो. पाठकोरा कागद दिसला की तुमचा हात स्वस्थ बसत नाही. तुम्ही कार्डाच्या पाठीवर चिठ्ठी लिहून ठेवलीत, मी ती प्रेमाने घरी नेली आणि उलटून काही पाहिली नाही.

बाईंची माफी मागितली. सगळं मार्गी लागलंय, काळजी नसावी. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. प्रमुख प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी वाचतात. ही शिस्त तुम्हीच लावलेली. तुमच्या चिठ्ठीत ‘तुझा प्रमुख अजून तसाच गाढव आहे का?’ असं वाक्य आहे. चिठ्ठीतला प्रमुख म्हणजे हे नव्हेत, अशा अर्थाचं चार ओळींचं पत्र पाठवावं.

आणखी एक ता. क. पत्र नको. मला मदत म्हणून बाईंनी कार्ड परस्पर आत नेऊन दिलं. पुढची बाजू मंजूर झाली. मागच्या बाजूला ‘गाढव’खाली लाल रेघ मारून प्रमुखांनी शेरा दिलाय, ‘आधार द्या.’ आधार जोडल्याशिवाय कार्ड पुढे सरकत नाही. तुमच्याकडे काय असेल ते उलट टपाली कळवा, फक्त मी अजून कायम झालेलो नाही हे ध्यानात ठेवून.