ताटली दिसेनाशी होईपर्यंत

बाबा, मी कसली नोकरी करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलास तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता तुझ्या त्या वेळच्या वयापेक्षाही मोठी आहे. महाप्याला एका ऑफिसात गार हवेत बसते आणि समुद्राचं काम करते. आई शेजारणींना सांगते, पोरगी कॉम्प्युटरवर दर्या बघते. ते काही अगदीच खोटं नाही. अरबी समुद्रात माणसाच्या उंचीची पिवळी नळकांडी सोडलेली आहेत. त्यांना ना वल्हं, ना शीड, ना तांडेल. आपली आपण खोल बुडतात, खालच्या काळोखात वाहत राहतात आणि दर दहाव्या दिवशी भर दुपारी वर येतात. वर येता येता कुठल्या खोलीवर किती उजेड आहे ते मोजतात आणि उपग्रहाकडून आम्हाला कळवतात. ते आकडे माझ्याकडे येतात. खरे वाटले तर मी त्यांच्यावर 'चांगले' अशी खूण करते, यंत्र बिघडलंय असं वाटलं तर 'खराब'. एकदा खराब म्हटलं की ते सहसा कोणी पुन्हा उघडून बघत नाही.

हे ऐकून तू पोट धरून हसला असतास, कारण हेच काम आपण जेवायच्या ताटलीने करायचो. निळ्या काठाची, पांढरी, इनॅमलची ताटली. तिला भोकं पाडून दोरी बांधलेली आणि बुडावी म्हणून खाली शिशाचा गोळा. दोरीला दर वावेवर गाठ, म्हणजे तू दोन्ही हात पसरलेस की जेवढं अंतर होईल तेवढ्यावर. खाडीत होडी थांबवायची, ताटली सोडायची, ती दिसेनाशी झाली की बुडलेल्या गाठी मोजायच्या आणि पाणी गढूळ की निवळ ते बघून जाळं ठरवायचं. गावात दुसरं कोणी असलं काही करत नव्हतं. हा पान वाढून म्हावऱ्याला जेवायला बोलावतो, असं म्हणून सगळे तुला चिडवायचे. आपल्या खाडीत तिसरी गाठ कधी बुडाली नाही, तरी तुझी दोरी दहा वावांची होती. कधीतरी निवळ दर्या लागेल, असं तू म्हणायचास.

मग तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गावाला कळलं तर तुला एकट्याने होडी काढू देणार नाहीत, म्हणून तू ते आईलासुद्धा सांगितलं नाहीस. रविवारी मला बरोबर न्यायला लागलास. तू दोरी सोडायचास, मी काठावरून वाकून बघायचे आणि ताटली गेली की ओरडायचे. एकदा पलीकडच्या चिखलात रोहित पक्षी उतरले होते, मी त्यांच्याकडे बघत बसले आणि अंदाजानेच 'गेली' म्हणाले. तू दोरी तिथेच धरलीस आणि वाकून पाहिलंस. तुझ्या त्या अधू डोळ्यांनासुद्धा ताटली दिसत होती. तू हात उगारला नाहीस. "दिसना झाली तवाच बोल," म्हणालास. "कंटालली म्हनून बोलू नको. माजा समदा तुज्या डोल्यांवर हाय." त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की घरी येऊन मी जेवले नाही.

तू गेलास तो दिवस शनिवारचा होता. मी शाळेत आणि तू एकटाच गेलेला. दुपारी तुझी होडी कांदळवनात अडकलेली सापडली, रिकामी. ताटली आणि दोरी तिच्यात नव्हती. सगळं गाव होड्या घेऊन निघालं. काकाने मला जेट्टीच्या टोकाला उभं केलं, कारण पोरीची नजर चांगली. ऊन डोक्यावर होतं, ओहोटी लागली होती. आणि मला ती दिसली. खांबाजवळ, जेमतेम वावभर खोल. आपल्या त्या गढूळ पाण्यात काठाचा निळा रंगसुद्धा दिसत होता. पाणी जोरात ओसरत होतं, पण ताटली वाहून जात नव्हती. एका जागी थोडी खाली जायची, थांबायची, पुन्हा वर यायची. तू सोडायचास ना, अगदी तशी. फक्त दोरी वर येत नव्हती. ताटलीपासून ती खाली काळोखात गेली होती.

काकाने होडीतून हाक मारली, "काय दिसतं का गो?"

मी म्हणाले, "नाय."

होड्या वळल्या आणि खाडीच्या तोंडाकडे गेल्या. तू सापडला नाहीस. तू तोवर केव्हाच गेलेला असणार, असं मी स्वतःची समजूत घालते. पण आईला निदान तुझा देह मिळाला असता. दर्भाचा पुतळा करून जाळावा लागला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. काकाने होडी विकणार नाही असं सांगितलं, आईने मला शिकवीन म्हणून सांगितलं, तरी कावळे लांबच बसून राहिले. तू कशासाठी अडला होतास ते तिथे मला एकटीलाच माहीत होतं आणि मी तोंड मिटून उभी होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आता या वर्षीचं ऐक. उन्हाचा उजेड पाण्यात कमी कमी होत जातो. लाल लवकर संपतो, निळा सर्वांत शेवटी, मग नुसता काळोख. एका नळकांड्याला त्या काळोखाच्याही खाली उजेड सापडला. खोल पाण्यातले जीव चमकतात, त्याचं नवल नाही. पण ते निळसर चमकतात. यात लालही होता, सगळे रंग सारखे होते. म्हणजे पांढरा. दहा दिवसांनी तो पुन्हा आला, थोडा वर. पुढच्या खेपेला आणखी वर. फरक दर वेळी तेवढाच. सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर तुझी जुनी सुटी दोरी आहे, ती काढून मी तो फरक तिच्यावर मोजला. बरोबर दहा गाठी.

शेजारच्या टेबलावर साताऱ्याची एक मैत्रीण आहे, मी वडिलांना अरे-तुरे करते म्हणून अजून हसते. तिला त्या आकड्यांची स्क्रीनवरची रेघ दाखवली. म्हणाली, काचेवर शेवाळ बसलं असेल, टेन्शन घेऊ नको, खराब टाक आणि जेवायला चल.

आज दुपारी तो उजेड पृष्ठभागापासून एक वाव खाली होता. एवढ्या उन्हातही रेघेवर त्याचा फुगवटा दिसत होता. नियम असा की खूण करण्याआधी रेघ शेवटपर्यंत बघायची आणि मागच्या खेपांशी ताडायची. मी पुढचा भाग उघडलाच नाही. 'खराब' टाकलं आणि स्क्रीन बंद केला. मैत्रीण जेवायला गेली, मी इथे बसून हे लिहिते आहे. ते कुठे पाठवायचं मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी पाठवलं नसतं. एवढंच कबूल करते, बाबा. तेव्हा जेट्टीवर आणि आज इथे, दोन्ही वेळा मी कंटाळले नव्हते, घाबरले होते. आणि दोन्ही वेळा ताटली दिसत होती.