दहाव्याचं पाखरू

९ ऑक्टोबर
कुंपणाच्या गवतावर पाखरू. अंगठ्याएवढं, लाल, अंगावर पांढरे ठिपके. तुऱ्याला लोंबकळून बी खात होतं. मला बघून उडालं नाही. हातातली कामं तशीच टाकली. ते जाईपर्यंत बघत राहिलो.

१० ऑक्टो.
परत आलं. चोचही लाल. आमची ही चैत्रात गेली, तिच्या दहाव्याला नदीवर आलेल्या पाखराची चोच अशीच होती. पण ते मातकट होतं. मग दुसरं असेल. असू दे दुसरंच.
त्या दिवशी कावळा शिवेना. सगळे उन्हात ताटकळलेले. मी हात जोडून एकेक कबूल करत होतो. नातीला शिकवीन, गाय विकणार नाही, विडी... एवढ्यात ते पाखरू येऊन पिंडावर बसलं. माझ्या थोरल्या भावाने पंचा उगारला. "हाड्! कावळा शिवू दे आदी." गेलं ते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.
हिचं तेवढ्यावर भागलं का?

१२ ऑक्टो.
नात पल्लवीने मोबाइलात बघून ओळखलं. लाल मुनिया. "आबा, लाल तो नर. पावसात रंग चढतो, उन्हाळ्यात उतरतो. मग मादीसारखाच मातकट."
म्हणजे चैत्रातलं तेच असू शकतं!
दहाव्याचं सांगितलं तिला. हसली. "आजी कशी असंल? ह्यो बाप्या हाय!" मग माझं तोंड बघून तिने मोबाइल ठेवून दिला.
जीव कुठल्या कुडीत शिरतो, कोण सांगणार.

१३ ऑक्टो.
पल्लवी म्हणते, मुनिया बारीक बी टिपते, भाताला शिवायची नाही. "पिंडावर तीळ व्हते ना? तिळांवर आली आसंल."
बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती असेल तर आम्ही तिला भरल्या पानावरून उठवलं. नसेल तर ती आलीच नाही.

१४ ऑक्टो.
थोरला दादा त्याच्या गावाहून, चौकहून आला. पाखरू दाखवलं. "गवत काप, जाईल ते. खुळा झालास काय रं?" चहा न घेताच निघाला. फाटकापाशी मात्र बराच वेळ कुंपणाकडे बघत उभा होता.

१६ ऑक्टो.
पल्लवी कॉलेजला गेल्यावर भात केला. तीळ घातले नाहीत. पानावर मूद काढून अंगणात ठेवली. पाखरू कुंपणावरच होतं. मी चार पावलं मागे आलो तसं खाली उतरलं, पानापासून हातभर.
आत येऊन दाराकडे पाठ करून बसलोय. वळून पाहिलं की कळेल.
भात अजून ऊन असेल. निवेपर्यंत थांबतो.