जुळणाऱ्या भागांचा कॉम्प्युटर

प्रिय इमी,

पत्र बघून घाबरू नकोस. गुडघा सोडला तर माझी तब्येत ठणठणीत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. तुझा बाबा गेल्यापासून तू कुणाशीच धड बोलत नाहीस, शाळेतून आलीस की कानाला हेडफोन लावून त्या बेटावर घरं बांधायच्या खेळात शिरतेस, असं तुझी आई सांगते. मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आलाच. ग्लेन तुझा बाबा होता तसा माझाही मुलगा होता, आणि ज्याच्याशी त्याच्याबद्दल बोलावं असं माणूस मला इथे मेलबर्नमध्ये उरलेलं नाही. मग म्हटलं, पोरगी पर्थहून इकडे येत नाही तर आपणच त्या बेटावर जाऊ.

माझ्या लॅपटॉपवर तो खेळ लावून बघितला. बिचाऱ्याला धाप लागली आणि पडदा गोठून बसला. शेजारची लुपे आठवते ना, ती सामोअन नर्स, नारळाच्या दुधातले पाव घेऊन येणारी? ती सुट्टीच्या दिवशी स्वतः खेळते. लॅपटॉप बघून म्हणाली, म्हातारबा, हा डबा पत्ते खेळायच्या लायकीचा आहे, ह्या खेळाला पडद्यावर चित्र उमटवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. तयार कॉम्प्युटरच्या किमती ऐकून मी खुर्चीतच बसलो. म्हटलं, सहाशे डॉलरच्या आत स्वतः जोडीन. लुपे हसली. हसू दे.

त्यात नेमका आपल्या गल्लीत जड कचऱ्याचा आठवडा लागला. लोकांनी सोफे, पंखे, गाद्या गवतावर आणून टाकल्या, आणि कचऱ्याची गाडी यायच्या आत मी माझी फेरी मारली. तुझ्या आजीला ह्याची भारी लाज वाटायची. ग्लेन मात्र लहानपणी माझ्या पुढे पळायचा. ह्या वेळी कोपऱ्यावरच्या घरासमोर एका ऑफिसातला कॉम्प्युटर सापडला. जाड पत्र्याची पेटी, आत पॉवर सप्लाय, सगळं फुकट! मी छाती काढून घरी आणला. त्याच खुशीत प्रोसेसर आणि सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, म्हणजे मदरबोर्ड, मागवला. ते दोघं एकमेकांना जुळणारे हवेत एवढं मी वाचलं होतं, आणि ते जुळलेही. मेमरीही बघून घेतली. जुन्या आणि नव्या पिढीच्या पट्टीची खाच वेगवेगळ्या जागी असते, कितीही दाबली तरी बसत नाही.

पण पेटीनेच दगा दिला. ती बनवणाऱ्या कंपनीने स्क्रूची भोकं स्वतःच्या मनाने पाडलेली, आणि पॉवर सप्लायचा प्लगही जगावेगळा. माझा मदरबोर्ड तिथे बसेना. लुपे म्हणाली, टाका ती पेटी परत गवतावर. पण फुकट मिळालेली वस्तू आपल्या घरातून कधी परत गेली आहे का? मी गॅरेजमध्ये ड्रिल घेऊन नवी भोकं पाडली. त्यात वेरीबी उपनगरातल्या एका माणसाकडून वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. चांगलं दणदणीत कार्ड, पण लांबीला पेटीहून मोठं. मग मी आतला हार्ड डिस्कचा पिंजरा कापायला घेतला. लुपे दारात उभी राहून म्हणाली, अहो, कार्डाच्या मापाची पेटी घ्यायची असते, पेटीला करवत नाही लावायची! आणि तो जुना पॉवर सप्लाय एवढ्या कार्डाला पुरणार कसा? मग मात्र मी करवत खाली ठेवली. आठवडा संपायच्या आत ती पेटी गुपचूप गवतावर नेऊन ठेवली. चहा होईपर्यंत कुणीतरी उचललीसुद्धा. आता तो भोगेल.

साधी नवी पेटी आणि बऱ्यापैकी पॉवर सप्लाय घेतला, ठरवलेल्या आकड्याच्या थोडं वर गेलो. सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. मी दोन दिवस सगळं उघडून परत बसवत होतो आणि तोंडाने काय काय बोलत होतो ते इथे लिहीत नाही. शेवटी लुपेने पेटीच्या मागच्या बाजूला वाकून बघितलं. पडद्याची केबल मी कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली होती. ती एवढी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. केबल बदलली आणि पडदा उजळला. ग्लेनला लगेच फोन करून सांगावं असं मनात आलं, मी फोन हातात घेतलासुद्धा. तुलाही असं होतं का गं?

आता खेळ माझ्याकडे चालतो. मला अजून नुसतं झाड तोडता येतं, घर नाही बांधता येत. तुझी आई म्हणाली, इमीचं खेळातलं नाव देते, गुपचूप शिरा आणि तिला चकित करा. मी नको म्हटलं. ती तुझी जागा आहे. तिथे कुणी काही विचारत नाही म्हणूनच तू जातेस, आणि म्हातारा न विचारता दारात उभा राहिला तर तू जाणार कुठे? म्हणून हे पत्र. येऊ का गं मी? नको वाटलं तर आईला सांग, मी वाईट वाटून घेईन आणि होईन बरा. हो म्हणालीस, तर तुझं नाव तूच मला कळव. तिथे बोलायलाच हवं असं काही नाही. तू घर बांध, मी लाकडं आणून देत जाईन.

वाट बघणारा,
तुझाच आजोबा
मर्व्ह